चाळिशी आणि आडकाठी

मुंबई बंदराच्या गाळात या घडीला माझे तीन चष्मे आहेत. टोप्या दोन गेल्या, पण त्या गाळात नसाव्यात. शेवटच्या पाहिल्या तेव्हा उताण्या तरंगत उरणच्या दिशेने निघाल्या होत्या. नारळी पौर्णिमेला कोळी लोक समुद्राला एक नारळ देतात आणि वर्षभराचं भागवतात. माझ्याकडे तो दर रविवारी काहीतरी मागतो, आणि ते नेमकं गळ्याच्या वरचंच असतं.

शिडाची होडी शिकायची हे मी सत्तेचाळिसाव्या वर्षी मनावर घेतलं. घरातून फारसा विरोध झाला नाही, कारण त्याआधीचं वर्ष मी बासरीला दिलं होतं. मुंबईत हा उद्योग साधारण ऑक्टोबर ते मे चालतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडतात. दुपारी जमीन तापली की वायव्येकडून खारा वारा सुटतो, आणि गेटवेसमोर घारापुरीच्या लाँचा, मांडव्याच्या बोटी, नांगर टाकून बसलेली जहाजं या सगळ्यांतून वाट काढत आमची चार मीटरची ‘एन्टरप्राइज’ निळी शिडं फुगवून निघते. १९५६ साली जॅक होल्ट नावाच्या इंग्रजाने ही होडी आखली. त्याने दोन माणसांच्या बसण्याची सोय केली, शिडांची केली, सुकाणूची केली. डोक्यांची राहून गेली.

मोठ्या शिडाच्या तळाला, डोलकाठीपासून मागे, एक आडवी काठी असते. होडीवाले तिला बूम म्हणतात. मी आडकाठी म्हणतो, कारण मराठीत इतका अचूक शब्द आयता पडलेला असताना दुसरा कशाला शोधायचा? ती बसलेल्या माणसाच्या कपाळाच्या बरोबर उंचीला असते. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून वळलात, तर शीड आधी फडफडतं, आणि आडकाठी सभ्य पाहुण्यासारखी दारात खाकरून पलीकडे जाते. पण वारा पाठीवर असताना वळलात, ज्याला जाइब म्हणतात, तर खाकरणं नाही, काही नाही. या टोकाची त्या टोकाला, एका दमात.

आमचे सर निवृत्त नौसैनिक. अशा वेळी ते फक्त “डोकं!” असं ओरडतात. पहिल्या रविवारी मला वाटलं, डोकं वापरायला सांगतायत. म्हणून मी विचार करू लागलो. विचार पूर्ण झाला नाही. टेंगूळ मात्र चांगलं पूर्ण होतं, चार दिवस टिकलं. पहिला चष्मा तेव्हाच गेला.

दुसरा हंगाम सुरू होताना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तो खरं तर नंबर बदलला का पाहायला. त्यांनी डाव्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं.

“पांढऱ्या भागावर, नाकाच्या बाजूला पिवळसर उंचवटा आलाय. उन्हावाऱ्याचा. आत्ता काही करायला नको, पण जपा. कधी कधी तिथे पुढे मांस वाढतं आणि बुबुळावर चढतं. शेतकऱ्यांत, कोळ्यांत खूप बघतो. तुम्ही काय करता?”

“विमा कंपनीत आहे.”

डॉक्टरांनी पुन्हा यंत्राला डोळा लावला.

मग त्यांनी मला गॉगलचं शास्त्र समजावलं. काचेचा काळेपणा वेगळा आणि अतिनील किरण अडवणं वेगळं. नुसती काळी काच लावली, तर डोळ्यातली बाहुली अंधार पडला समजून मोठी होते आणि किरण जास्तच आत जातात; म्हणजे चोर येणार म्हणून दिवा घालवायचा आणि दार सताड उघडं ठेवायचं. तेव्हा काचेवर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं बघायचं. काळेपणाच्याही श्रेणी असतात. तिसरीतून ८ ते १८ टक्के उजेड आत येतो, चौथीतून ३ ते ८ टक्के, आणि चौथी लावून गाडी चालवायची नाही. माझ्यातला मध्यमवर्गीय लगेच म्हणाला, चौथी घे, त्याच पैशात जास्त काळं. डॉक्टरांनी तिसरी लिहून दिली.

शिवाय पोलराइज्ड. पाण्यावरून आडवी उसळणारी चकाकी या काचा गाळून टाकतात, आणि वाऱ्याची झुळूक पाण्यावर जी काळसर सुरकुती उमटवते ती लांबून दिसते. हे मात्र खरंच आहे. पहिल्यांदा लावला तेव्हा भांड्यावरची साय बाजूला करून दूध बघावं तसा समुद्र दिसला. अर्थात खाली दूध नव्हतं, मुंबईचं पाणी होतं.

आता मला चाळिशी लागलेली. लांबचा नंबर होताच, जवळचाही आला. दादरच्या चष्मेवाल्याने नंबराच्या, पोलराइज्ड, वरून लांबचं नि खालून जवळचं दिसणाऱ्या काचांचे चौदा हजार सांगितले. मी मनातल्या मनात चौदा हजारांचा चष्मा गाळात रुतताना पाहिला आणि फॅशन स्ट्रीटला गेलो. तिथे क्लिप-ऑन मिळतं, नेहमीच्या चष्म्यावर चिमट्याने बसवायचं. विक्रेत्याने एक चित्राचं कार्ड दाखवलं. नुसत्या डोळ्यांना कोरं, क्लिपमधून पाहिलं की मासा दिसतो. मासा दिसल्यावर मी घासाघीस विसरलो.

त्याच संध्याकाळी फोन बिघडला. पडदा ठार काळा. मधेच उजळायचा, आडवा धरला की परत काळा. दुरुस्तीच्या दुकानातल्या पोराला मी सगळा इतिहास सांगितला: खारी हवा, होडी, फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता, तरी बाष्प गेलं असेल. त्याने फोन उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे करून माझ्या नाकावरची क्लिप वर उचलली.

“काका, आता दिसतंय?”

पैसे घेतले नाहीत त्याने. घेतले असते तर बरं वाटलं असतं.

ते क्लिप-ऑन पुढच्या रविवारी गेलं. चष्म्यासकट. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, “दोरी बांध ना.” दुकानात त्यासाठी फोमचा पट्टा मिळतो, चष्मा पाण्यात पडला तर तो तरंगतो. हे मी तिला सांगत होतो तोवर तिने कपाटातून लेंग्याची नाडी काढली होती. तिला पिनेने काड्यांमध्ये ओवायचीही होती. मी म्हटलं, समुद्रावर माणसाची काही प्रतिष्ठा असते. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि नाडी परत ठेवली. तिसरा चष्मा गेला तो प्रतिष्ठेपायी.

टोपीचं प्रकरण आणखी वेगळं. आईचं म्हणणं पहिल्यापासून एकच: कानटोपी. “समुद्राचं वारं कानात जातं.” मे महिना आहे म्हटल्यावर म्हणाली, “वाऱ्याला महिने कळतात का?” मी मात्र क्रॉफर्ड मार्केटातून रुंद काठाची गवती हॅट आणली, हनुवटीखाली दोरीवाली. वाऱ्याने ती उचलली, पण दोरी पक्की होती, त्यामुळे हॅट गेली नाही. ती माझ्या पाठीमागे पतंगासारखी उभी राहिली आणि दोरी माझ्या गळ्यात. सुकाणू सोडून मी दोन्ही हातांनी गळा सोडवला. होडीने हे सुकाणू सोडणं मनाला लावून घेतलं आणि जाइब केली. सर ओरडले ते ऐकू आलं नाही, कान हॅटने झाकलेले होते. मग ती गेलीच.

मग चोचवाली टोपी, आमच्या कंपनीच्या रौप्यमहोत्सवात वाटलेली, समोर सोनेरी ‘२५’. चोचीने ऊन अडतं, पण चोचीआडच आडकाठी येते. शीड नीट फुगलंय का हे पाहायला त्यावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्यांकडे सारखं वर बघावं लागतं. तिथेही चोच मधे. टोपी उलटी फिरवली तर नाक भाजतं. शिवाय ऊन वरूनच येतं हा गैरसमज. पाण्यावरून ते खालूनही येतं. लाटेचा पांढरा फेस अतिनील किरणांचा जवळपास पाव हिस्सा परत उडवतो. ऑफिसात माझी हनुवटी आणि नाकपुड्यांची खालची बाजू सोललेली पाहून लोकांनी काळजीने काय झालं विचारलं. नाकपुड्यांना ऊन लागलं, हे वाक्य बोलायला फार धीर लागतो.

रौप्यमहोत्सव तिसऱ्याच रविवारी उडाला. याच बंदरातून २००९ मध्ये दिलीप दोंदे ‘म्हादेई’ नावाची शिडाची बोट घेऊन एकटे जगप्रदक्षिणेला निघाले आणि २०१० मध्ये परत आले. माझ्या डोक्यावरची टोपी तीनशे मीटर टिकली नाही.

सरांनी शेवटी निकाल दिला: “हेल्मेट.” मी धोबी तलावला गेलो. शिडाच्या होडीसाठी हेल्मेट द्या म्हटल्यावर दुकानदाराने शांतपणे क्रिकेटचं काढलं, जाळीवालं. “बाउन्सर आला तरी काही होणार नाही, शेठ.” बाउन्सर कानामागून येतो हे त्याला पटेना. सायकलचं हेल्मेट घरात होतं, पण त्यातला फोम एकाच जोरदार फटक्यासाठी असतो. माझे फटके हप्त्याहप्त्याने येतात. स्कूटरचं घालून पाण्यात पडलो तर डोक्यावर भरलेली बादली. अखेर नदीतल्या राफ्टिंगवाल्यांचं मिळालं. वजनाला हलकं, पाणी निघून जायला भोकं, कान झाकलेले, आत युरोपातल्या मानकाचा क्रमांक ‘ईएन १३८५’. केशरी रंग. आई म्हणाली, “कानटोपीच आहे की ही.”

तर त्या रविवारी मी असा सजलो: चष्मा, त्यावर नवं क्लिप-ऑन, मागे फोमचा पट्टा, वर हेल्मेट, त्याचा हनुवटीखालचा पट्टा, आणि या सगळ्याला वेढून लाइफ जॅकेट. नुसती मान वळवायची तर सगळं शरीर वळवावं लागत होतं, जुन्या चित्रपटातल्या प्रेतासारखं. मांडव्याहून परतणारी बोट गेली, तिच्या लाटेवर होडी डोलली, वारा पाठीवर आला. “डोकं!”

मी वाकलो. दीड हंगामात एवढं एक मी खरोखर शिकलो होतो: नेमकं किती वाकायचं. आडकाठी टाळूवरून केसभर अंतराने जाते आणि तिचा वारा मानेला लागतो, इतकं अचूक. पण हेल्मेटने माझं डोकं दोन बोटं उंच झालं होतं, हे आडकाठीला माहीत होतं, मला नव्हतं.

टक्क.

दुखलं अजिबात नाही. हेल्मेटने आपलं काम चोख केलं. फक्त त्या आवाजाने मी दचकून उभा राहिलो, आणि चार मीटरच्या होडीत उभं राहिलं की पुढचं सगळं होडीच करते. पाण्यातून वर आलो तेव्हा चष्मा, क्लिप, पट्टा, हेल्मेट सगळं जागच्या जागी होतं. काचांवर खारं पाणी सुकत गेलं तशी मुंबई धुरकट होत गेली, आणि पुसायला अंगावर कोरडी वस्तू एकही नव्हती. होडी सरळ केली ती चाचपडत.

धक्क्यावर लागलो तर एक लाँचवाले दादा दोर गुंडाळत बसले होते. वारा भन्नाट होता. डोक्यावर चोचवाली टोपी, समोर सोनेरी ‘२५’, थोडी विटलेली. हलत नव्हती.

मी मागितली नाही. कुठल्या तोंडाने मागणार? तोंड पट्ट्यात बांधलेलं होतं. जवळ जाऊन एवढंच विचारलं, “दादा, ही उडत कशी नाही?”

त्यांनी हनुवटी वर करून दाखवली. खाली पांढरी, विणलेली, चांगली रुंद दोरी होती, सुरगाठ मारलेली.

“लेंग्याची नाडी,” ते म्हणाले.

घरी हे अजून सांगितलेलं नाही.