ट्रॉमा कमरेत साठत नाही

पूर्वी पेशंट "मणक्यात गॅप पडलाय" म्हणत यायचे. मग "नस दबलीय"चा जमाना आला. आता गेली एक-दोन वर्षं लोक घरूनच नवं निदान करून आणतात. "मॅडम, माझ्या सोआसमध्ये ट्रॉमा, म्हणजे मनावरचा जुना आघात, अडकलाय. तेवढा रिलीज करून द्या ना." रील पाहिलेलं असतं. त्यात कुणीतरी गुडघे दुमडून उताणं झोपलेलं असतं, मांड्या थरथरायला लागतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि खाली अक्षरं उमटतात की तुमचं बालपण तुमच्या कमरेत दडून बसलंय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मनोविकारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते. पण स्नायू हा माझा रोजचा धंदा आहे, तेव्हा त्यावर बोलायचा हक्क मी सोडणार नाही. सोआस हा कमरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटातून खाली उतरणारा आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने चिकटणारा लांबलचक स्नायू. मांडी पोटाकडे उचलणं हे त्याचं मुख्य काम. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कुणाचाही तो आखडतो, मग मनात दुःख असो नाहीतर पगारवाढीचा आनंद. त्यात तंतू असतात, रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतूंची टोकं असतात. तुमचा घटस्फोट त्यात नसतो. सासूबाईही नसतात.

मग ती थरथर? कुठलाही स्नायू एकाच ताणात बराच वेळ धरून ठेवला की थकतो आणि थरथरतो. जिममध्ये प्लँक करून पाहा. आणि रडू? रडू मात्र खरं असतं, त्याची मी कधीच चेष्टा करत नाही. माझ्या टेबलावर टिश्यूचा डबा कायम असतो. फोन बाजूला ठेवून, पंख्याखाली शांत पडून, अर्धा तास कुणीतरी फक्त आपल्याकडेच लक्ष देतंय, "इथे दुखतं का? सोसेल का?" असं विचारतंय, हे कित्येक बायकांच्या बाबतीत लग्नानंतर प्रथमच घडत असतं. एवढ्यानेही बांध फुटतो. त्यासाठी स्नायूत काही अडकलेलं असावं लागत नाही.

इथवर वाचून काहींना बरं वाटलं असेल. "म्हणजे हे सोमॅटिक-फोमॅटिक, शरीराकडून मनावर उपचार वगैरे, सगळं थोतांडच ना?" थांबा, माझं खरं भांडण तुमच्याशीही आहे. एका बाजूला शरीर म्हणजे जुन्या दुःखांचा माळा समजणारे लोक आहेत: सामान खाली काढलं की घर मोकळं! दुसऱ्या बाजूला माळा रिकामा आहे म्हणून शरीराकडे बघायचंच नाही म्हणणारे. मनाचे आजार बोलून बरे होतात नाहीतर गोळीने, शरीराचा काय संबंध, असं यांचं म्हणणं. शरीराकडून मनावर उपचार होऊ शकतात, त्याला चांगला आधारही आहे. मात्र त्यात उकरून काढायचं काही नसतं. भीतीला प्रतिसाद द्यायची जी पद्धत मज्जासंस्थेने अंगवळणी पाडून घेतलेली असते, तिच्या जागी दुसरी शिकवायची असते. आणि शिकणं म्हटलं की सराव आला, कंटाळा आला, महिने आले. रील करण्यासारखं त्यात काही उरत नाही.

पॅनिक अटॅकचं घ्या. एसटीत बसल्यावर अचानक छाती धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, आता काही आपण वाचत नाही असं वाटतं. माणूस घाबरून भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून चक्कर आणि मुंग्या वाढतात, म्हणून भीती वाढते, म्हणून श्वास आणखी भरभर. (पहिल्यांदा असं झालं तर आधी ईसीजी काढा. चाळिशीनंतर तर नक्कीच. प्रत्येक धडधड मनाची नसते आणि प्रत्येक थकवा दुःखाचा नसतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायच्या आधीच "तुमचा ट्रॉमा बोलतोय" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.) तर यावरचा एक उपचार असा, की तज्ज्ञासमोर बसून ही लक्षणं मुद्दाम निर्माण करायची. फिरत्या खुर्चीवर गरगर फिरायचं, जागच्या जागी धावायचं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. छाती धडधडली, चक्कर आली, आणि तरी काही झालं नाही, हे शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवू द्यायचं. हा सीबीटीचाच, म्हणजे विचार आणि वागणं बदलणाऱ्या मानसोपचाराचाच, भाग आहे, मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे, आणि आहे पूर्णपणे शरीराचा. पण त्यावर कुणी 'सोमॅटिक' अशी पाटी लावलेली नाही, त्यामुळे तो कुणाला ठाऊकही नाही.

शरीराकडून उपचार म्हणजे रिलॅक्सेशन, सैल सोडणं, मंद संगीत, लव्हेंडरचा वास, ही समजूत तर घट्ट बसलेली आहे. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धत पुस्तकरूपाने मांडली, ती अजूनही वापरतात आणि चिंतेत तिचा उपयोगही होतो. पण रक्त किंवा इंजेक्शनची सुई बघून ज्यांना भोवळ येते त्यांना "सैल सोडा, सैल सोडा" म्हणाल तर ते धाडकन पडतील. या लोकांचा रक्तदाब आधी थोडा वाढतो आणि मग झपकन उतरतो. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात याच्या नेमकं उलट शिकवलं: हात, पाय, पोट आवळून धरा, चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, साधारण दहा-पंधरा सेकंद. मग नेहमीसारखे व्हा, पूर्ण ढिले पडू नका. थोड्या विश्रांतीने पुन्हा. रक्तदाब टिकतो, माणूस पडत नाही, आणि आपण पडत नाही हे कळल्यावर सुईची भीतीही ओसरते. मला हा उपचार फार आवडतो. किती साधा, किती नेमका, आणि मन वेगळं शरीर वेगळं या वादाला त्यात जागाच नाही.

आमच्या व्यवसायाचा या सगळ्याशी जुना संबंध आहे, हे आमच्याच लोकांना माहीत नसतं. विल्हेल्म राइश हा मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचा शिष्य. माणूस दाबलेल्या भावना स्नायूंच्या चिलखतात बांधून ठेवतो, हा त्याचा सिद्धांत. आजच्या रील्सचा हा पणजोबाच म्हणायचा. १९३४ ते १९३९ तो ओस्लोत होता. पुढे अमेरिकेत गेला, 'ऑर्गोन' नावाची विश्वशक्ती गोळा करणाऱ्या पेट्या बनवू लागला, कोर्टाने त्यावर बंदी घातली, ती त्याने जुमानली नाही, आणि १९५७ साली तो तिथल्या तुरुंगात वारला. पण त्याच ओस्लोत चाळीसच्या दशकाच्या अखेरीस ट्रिग्वे ब्राटोय हे मनोविकारतज्ज्ञ आणि आडेल ब्यूलोव-हान्सेन या फिजिओथेरपिस्ट एकत्र काम करू लागले. राइशची छाप ब्राटोयांवर होती, पण त्यांनी पेट्या बनवल्या नाहीत. दुखण्यासाठी आलेला माणूस श्वास कुठे अडवतो, खांदे कसे उचलून धरतो, जमिनीवर पाय टेकवून उभा तरी राहतो का, हे बघत त्यांनी सावकाश एक पद्धत बांधली. नॉर्वेत फिजिओथेरपिस्ट आजही त्याचं वेगळं प्रशिक्षण घेतात. एकाच मुळाच्या दोन फांद्या. आपल्याकडे इंटरनेटवरून पोचली ती पेटीवाली.

"यात काय नवीन, आपला योग आहेच की" असंही ऐकू येतं. अभिमान मलाही आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांचं मोजमाप प्रयोगशाळेत सुरू केलं, तेव्हा जगात फारसं कुणी त्या वाटेला गेलं नव्हतं. पण गल्लीतला योगवर्ग आणि आघातातून गेलेल्या माणसासाठीचा योग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिच्यावर अत्याचार झालाय अशा मुलीला अनोळखी लोकांच्या खोलीत "उताणं झोपा, डोळे मिटा" सांगायचं, आणि मग न विचारता सरांनी तिची कंबर धरून आसन 'सुधारायचं', याचा परिणाम काय होईल? अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोक या मनोविकारतज्ज्ञांच्या गटाने २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतरचा तणावविकार (पीटीएसडी) जुना झालेला, इतर उपचारांना दाद न देणारा, अशा ६४ स्त्रिया. निम्म्यांना दहा आठवडे योग, निम्म्यांना आरोग्यविषयक वर्ग. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के स्त्रिया त्या निदानात बसत नव्हत्या, दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. हा योग कसा? डोळे उघडे ठेवायची मुभा, प्रत्येक आसनाला पर्याय, कुणीही हात लावणार नाही, नको वाटलं तर थांबायचं. अभ्यास लहान आहे, त्यावरून डांगोरा पिटू नये. पण आपल्या शरीराबाबत आपण ठरवायचं, हेच तिथे शिकवलं जात होतं, असं मला वाटतं.

हात लावण्यावरून आठवलं. शरीराकडून उपचार म्हणजे मालिश किंवा दाबादाबी, ही भीती (आणि काहींची अपेक्षा!) दोन्ही चूक. पीटर लेव्हिन यांच्या सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग या आघातावरच्या उपचारपद्धतीत बहुतेक वेळा माणूस खुर्चीत बसून बोलतच असतो. "आत्ता हे सांगताना पोटात काय होतंय?" असं विचारत थोडं पुढे, थोडं मागे जायचं. त्यावर इस्रायलमध्ये ६३ जणांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला, निकाल चांगले होते, पण तुलना होती ती अजून उपचार न मिळालेल्या, प्रतीक्षा यादीतल्या लोकांशी. म्हणजे आशादायक, सिद्ध नव्हे. नृत्य-उपचाराचंही तसंच, नाचता यावं लागत नाही. कोलकात्याच्या 'संवेद' संस्थेने मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर हे काम वर्षानुवर्षं केलंय, आणि मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) त्यांच्या सहकार्याने अभ्यासक्रमही उभा राहिला.

आता मला खरोखर राग येतो त्या दोन गोष्टी.

पहिली, "ओरडा, उशा बडवा, राग बाहेर काढा." सत्तरच्या दशकात आर्थर जेनोव्ह यांच्या किंकाळी-उपचाराने अमेरिका वेडी झाली होती, जॉन लेननही गेला होता. पुढे ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्याने राग आणला त्याची आठवण काढत पंचिंग बॅग बडवणाऱ्यांचा राग शांत न होता वाढलेला निघाला. नुसते गप्प बसलेले बरे होते.

दुसरी याहून वाईट. "तुमची कंबर सांगतेय, लहानपणी तुमच्याबरोबर काहीतरी घडलंय. आठवत नसेल, पण शरीराला आठवतंय." हे वाक्य कुठल्याही उपचारकाने उच्चारलं तर पिशवी उचला आणि बाहेर पडा. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये दाखवलं की २४ पैकी ६ जणांना, लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होतात, ही न घडलेली गोष्ट पूर्ण किंवा अर्धवट 'आठवू' लागली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अशा उकरलेल्या आठवणींवरून घरं मोडली, खटले झाले. ज्यांच्यावर खरंच अत्याचार झाले त्यांच्या साक्षीही त्यामुळे संशयाने बघितल्या गेल्या.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. "बॉडीवर्क सुरू केलंय, आता गोळी बंद केली" हे मला ऐकवू नका. नैराश्याच्या गोळ्या एकदम तोडल्या की चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं होऊ शकतं, मूळ दुखणं उलटू शकतं. गोळी कमी करायची तर ज्यांनी लिहून दिली त्यांच्या सल्ल्याने, हळूहळू. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियावर योगाचा अभ्यास झाला, तोही औषधांच्या जोडीने.

हा विषय आपल्या लोकांसाठी मला महत्त्वाचा वाटतो त्याचं कारण वेगळंच आहे. "मला उदास वाटतं" असं म्हणत आमच्याकडे कुणी येत नाही. डोकं जड होतं, पाठ भरून येते, अंगात त्राण नाही, असं म्हणत येतात. उत्तर गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीत, अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक-सामाजिक ताणाशी जास्त आढळला होता. अशा बाईला थेट "तुमच्या भावनांबद्दल बोला" म्हटलं तर ती पदर सावरून उठेल. "श्वास सोडताना जरा लांब सोडा, बघू खांदा उतरतो का" इथून सुरुवात केली तर बसेल. पुढे कधीतरी बोलेलही. आणि बोलायला लागली की मी तिला योग्य माणसाकडे पाठवते, कारण माझी नोंदणी फिजिओथेरपी कौन्सिलची आहे.

नोंदणीचं विचाराच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे आरसीआयचा (भारतीय पुनर्वसन परिषदेचा) क्रमांक असतो, मनोविकारतज्ज्ञाकडे मेडिकल कौन्सिलचा. 'सोमॅटिक कोच', 'ट्रॉमा हीलर' या पाट्या शनिवार-रविवारच्या कोर्सनंतरही लागतात. हात लावण्याआधी विचारता का, मी मध्येच थांबा म्हटलं तर थांबाल का, माझं दुखणं तुमच्या आवाक्याबाहेरचं निघालं तर कुणाकडे पाठवाल, हे तोंडावर विचारा. यातल्या एकाही प्रश्नाचा राग आला तर उत्तर मिळालं. आणि जवळपास कुणीच नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कमेंटमध्ये वाद घाला, मला आवडतं. फक्त इनबॉक्समध्ये एमआरआयचे फोटो पाठवू नका, फोटोवरून मी काहीही सांगत नाही.