मामा आणि कंट्रोल नंबर चार

धुळ्यात रस्ता चुकायला अंगात कला लागते. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्जने इथलं नवं गाव आखलं, ते पट्टी धरूनच. गल्ल्या सरळ, आणि गल्ल्यांना नंबर. तरी कुणी चुकलाच तर विचारायचं. समोरचा आधी ‘तुम्ही कोणाकडचे?’ म्हणणार, मग तुमची सासुरवाडी शोधून काढणार, अर्धा चहा पाजणार आणि शेवटी गाडीवर मागे बसून दारापर्यंत सोडायला येणार. पन्नास वर्षं मी याच यंत्रणेवर फिरतोय. नकाशा मी फक्त शाळेत भरला, आणि त्यात तापी बंगालच्या उपसागरात नेऊन सोडली होती.

अशा माणसाला भाच्याने ओरिएंटीअरिंगच्या शर्यतीत उतरवलं. भाचा पुण्याला शिकतो आणि सुट्टीत येऊन आम्हाला सुधारतो. “मामा, सोपं आहे. हातात नकाशा, होकायंत्र, आणि पळायचं!” ‘मामा बनवणे’ हा वाक्प्रचार कुठल्या तरी भाच्यामुळेच रूढ झाला असणार. शर्यतीनंतर शेतात भरीत-पुरी आहे, बामणोदची वांगी आहेत, पऱ्हाटीच्या जाळावर भाजणार आहेत, हे त्याने सर्वात शेवटी सांगितलं. मी हो म्हटलं ते तिथे.

जानेवारीतली सकाळ. लळिंगचा किल्ला दिसेल असं माळरान. नकाशावर त्रिकोण म्हणजे सुरुवात, दुहेरी वर्तुळ म्हणजे शेवट, मधली वर्तुळं म्हणजे कंट्रोल. प्रत्येक कंट्रोलला भगवं-पांढरं तीन बाजूंचं कापड लटकवलेलं, आकाशकंदिलासारखं, आणि त्याला दोरीने एक चिमटा. त्या चिमट्याने आपल्या कार्डाला टोचून घ्यायचं. दर चिमट्याची टोचणी वेगळी, म्हणजे घरी बसून सुईने भोकं पाडायची सोय नाही. क्रम ठरलेला, वाट मात्र ज्याची त्याने शोधायची. आणि मुख्य नियम: वाट कुणाला विचारायची नाही, कुणाला सांगायची नाही. कुणी जखमी दिसला तर मात्र मदत करायची. थोडक्यात, वाट विचारायची तर आधी पाय मोडून घ्यायचा.

नकाशावर पांढरं म्हणजे जंगल आणि पिवळं म्हणजे मोकळं रान. मला हे उलटंच वाटलं. पण खेळ वाढला नॉर्वे-स्वीडनकडे. नॉर्वेत १८९७ साली लोकांसाठी पहिली स्पर्धा झाली. तिकडे जिकडे पाहावं तिकडे झाडी, रंगवणार तरी किती? म्हणून झाडीला कागद कोराच ठेवतात. आमचा नकाशा मात्र पिवळाधमक, हळदीच्या मांडवातून उचलून आणल्यासारखा.

पहिला कंट्रोल गर्दीच्या मागे जाऊन मिळाला. नंतर गर्दी पांगली, आणि होकायंत्राची सुई वेड्यासारखी माझ्या खिशाकडे वळू लागली. मी उजवीकडे वळलो की उत्तरही उजवीकडे. खिशात मोबाईल होता, त्याच्या पाकिटाच्या झाकणाला लोहचुंबक. हे मला रात्री जेवताना कळलं. तेव्हा मी होकायंत्र बिघडलं असं समजून खिशात, म्हणजे थेट चुंबकाच्या शेजारी टाकलं आणि नुसत्या नकाशावर भिस्त ठेवली.

नकाशावर टेकडीभोवती तपकिरी रेषा होत्या. मला त्या पायवाटा वाटल्या. इतक्या पायवाटा, आणि लोक म्हणतात खेडेगावात रस्ते नाहीत! जमिनीवर पाहिलं तर खरोखरच मेंढरांच्या खुरांनी पडलेली वाट होती. एक रेष पकडून चालू लागलो. काय सुरेख वाट! ना चढ, ना उतार. पाऊण तासाने एक पांढरा दगड लागला, त्यावर रुमाल वाळत घातलेला. माझ्यासारखाच रुमाल वापरणारा कुणी पुढे गेलाय म्हणून धीर आला. जवळ जाऊन पाहिलं, तर कोपऱ्यात बायकोने घातलेला टाका. समान उंचीच्या रेषेवरून चालणारा माणूस टेकडीला प्रदक्षिणा घालून जागेवर परततो, हे ज्ञान भाच्याने एका वाक्यात दिलं असतं तर माझे तीन किलोमीटर वाचले असते.

दोन आणि तीन नंबर कसे मिळाले ते सांगत नाही. त्यात माझं कर्तृत्व नाही. चार नंबर ओढ्याच्या वळणावर, बाभळीपाशी. तिथे आठ-दहा धावपटू चकरा मारत होते, त्यात माझा भाचा! एरवी बोलभांड पोरगं, पण नियमामुळे गप्प. कंट्रोलचा पत्ता नाही. मी दमून पलीकडे निंबाखाली टेकलो. तिथे एक म्हातारबाबा शेळ्या चारत होते.

“काय दखी राह्यनात भाऊ?”

मी तोंडावर हात ठेवला. आयुष्यात प्रथमच खान्देशी माणसाने वाटेच्या प्रश्नावर मौन पाळलं. बाबांना वाटलं तहान लागलीय. पाण्याची बाटली काढायला त्यांनी पिशवीत हात घातला, तर आधी भाकरीचं फडकं निघालं आणि मग भगवा-पांढरा आकाशकंदील.

“वारामा उडी जाई म्हनीसन मी ठेई लिधं,” बाबा म्हणाले. “कोनं शे काय माहीत.”

चिमटा दोरीला लोंबत होता. मी कार्ड काढलं, टोचलं, पाणी प्यायलो. मग ते कुणाचं आहे आणि कुठे टांगायचं तेवढं सांगितलं. बाबा काही स्पर्धक नव्हते, तेव्हा नियम मोडला नाही. बाबा शेळ्या हाकत ओढ्याकडे निघाले. ते पोचेपर्यंत पोरं हात टेकून पाच नंबरला पळाली होती.

मी शेवटचा आलो. माझ्या आधी अर्धं भरीत संपलं होतं. पण कार्डं तपासली तेव्हा सहाच्या सहा टोचण्या एकट्या माझ्या कार्डावर. पोरांनी कल्ला केला, चार नंबर जागेवर नव्हताच! आयोजक ओढ्यावर जाऊन पाहून आले. कापड बाभळीला व्यवस्थित लटकत होतं. गाठ तेवढी शेळी बांधायची होती. पण गाठीकडे कोण पाहतो?

भाचा ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. पाच मिनिटं काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “मामा, खरं सांगा. चार नंबर कुठे सापडला?”

मी पुरीचा तुकडा भरितात बुडवला.

“विचारायचं नाही,” मी म्हटलं. “नियम आहे.”