बॅटरी काढली म्हणजे धोका गेला? कुणी सांगितलं?

रविवारी कोथरूडला बहिणीकडे जेवायला गेलो होतो. ताटं उचलल्यावर भाच्याने मला गॅलरीत नेलं आणि फोन पुढे केला. "मामा, हे वाच आणि आईला समजाव." त्याच्या कॉलेजच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज होता : ई-सिगारेट फुटते ती बॅटरीमुळे. म्हणून बॅटरी काढा, कॉइलला (आतली द्रव तापवून वाफ करणारी तार) यूएसबीची वायर जोडा आणि लॅपटॉपवर नाहीतर पॉवर बँकेवर चालवा. ५ व्होल्टने काही होत नाही, निघते ती नुसती वाफ, आणि ओढणाऱ्याला कायद्याने शिक्षा नाही.

तपकीर गल्लीजवळ लॅपटॉप दुरुस्त करण्यात माझी चौदा वर्षं गेली. हे वाचून माझं डोकंच फिरलं.

५ व्होल्टने शॉक बसत नाही, एवढं खरं. पण इथे प्रश्न शॉकचा नाही, उष्णतेचा आहे. आतली लिथियम बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची असते. १.८ ओहमची कॉइल तिच्यातून दोनेक अँपिअर घेते, म्हणजे साडेसात वॅट उष्णता. तीच कॉइल थेट ५ व्होल्टला लावली तर पावणेतीन अँपिअर आणि १४ वॅट, जवळजवळ दुप्पट. ओहमचा नियम शाळेत शिकवतात. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तो मेसेज पुढे पाठवण्याआधी एकदा लावून बघायचा होता.

लॅपटॉपचा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी बनवलेला असतो, यूएसबी ३ चा ९००. बोर्ड चांगला असेल तर पोर्ट स्वतःच बंद पडतो. नसेल तर काय होतं, ते गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर आलं होतं. पोर्टमधली निळी जीभ तपकिरी पडून एका बाजूला वाकलेली, आणि झाकण उघडल्याबरोबर जळक्या प्लास्टिकचा वास. मुलगा आधी "चार्जिंग केबल लावली होती" म्हणाला, खरं नंतर सांगितलं. मदरबोर्ड गेला होता.

पण या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ पॉवर बँकेची आहे. पॉवर बँक म्हणजे लिथियम बॅटरीच, आणि ती ई-सिगारेटमधल्या बॅटरीच्या कितीतरी पट मोठी. लहान बॅटरीची भीती वाटली म्हणून मोठी जवळ घ्यायची? ती दोन-तीन अँपिअर सहज देते, त्यामुळे लॅपटॉपचा पोर्ट जिथे बंद पडला असता तिथेही कॉइल तापतच राहते. शिवाय बॅटरी काढून वायर थेट जोडताना बटण आणि वेळ झाली की वीज तोडणारं सर्किटही बाजूला पडतं. मग कॉइल थांबते ती फक्त वायर उपटल्यावर. आणि भाचा पॉवर बँक उशाशी घेऊन झोपतो! बहिणीला हे माहीत नव्हतं.

स्फोट बॅटरीचेच होतात, हे मला मान्य करावं लागतं. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन संस्थेने २००९ ते २०१६ मधल्या १९५ घटना मोजल्या. त्यातल्या ६१ खिशात, ६० ओढताना आणि ४८ चार्जिंगला लावलेल्या असताना घडल्या. पण त्याच संस्थेचा २०१४ चा अहवालही वाचा. तोवरच्या २५ घटनांपैकी २० चार्जिंगच्या वेळच्या होत्या, आणि अहवालाने बोट ठेवलं ते यूएसबीवरच. कुठल्याही चार्जरला लावता येतं, म्हणून न पेलणारा करंट बॅटरीत जातो. मेसेजमधला प्रकार बॅटरीशिवायचा आहे, पण जी यूएसबी तो सुरक्षित समजतो, तिच्यावर या अहवालाने आधीच बोट ठेवलं आहे.

"नुसती वाफ" हेही खोटं आहे. त्यात बहुतेकदा निकोटीन असतं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक उपकरण तपासलं, तेव्हा ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड (कर्करोगाला कारण ठरणारा विषारी वायू) सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. इतकी जळकी चव कुणी सहन करणार नाही, असा आक्षेप त्यावर आला, आणि तो गैर नाही. पण थेट यूएसबीवर व्होल्टेज कमी करायची सोयच कुठे आहे?

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या ई-सिगारेटबंदीच्या कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा लिहिलेली नाही, बरोबर. पण विक्री, आयात, साठवणूक, जाहिरात सगळं बंद आहे. पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे हातात येतो तो चोरून आलेला, कुणीही न तपासलेला माल.

भाच्याकडची कॉइलला जोडायची वायर मी मागून घेतली. टोकाजवळचं रबर बोटांना चिकटत होतं. त्याच्या फोनमध्ये तंबाखू सोडवण्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर टाकून दिला आहे, १८००-११-२३५६. बुधवारी तो दुकानात येणार आहे, तेव्हा विचारीन.