लागलं-खुपलंचा तास

गेल्या बुधवारी नववी ब च्या पोरांना चपला-बूट काढून खाली बसवलं आणि सांगितलं, घोट्याचं बाहेरच्या बाजूचं हाड शोधा. बावन्न पोरं. एकाने गुडघा धरला, दोघांनी टाच. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, बाहेरचं म्हणजे कोणतं? दोन्ही बाहेरच दिसतात." हसलो, पण प्रश्न बरोबर होता. चौदा वर्षं ज्या पायावर उभे आहोत त्याच्याकडे नीट बघायला कोणी सांगितलेलंच नाही.

पीटीचा मास्तर म्हणून मला 21 वर्षं झाली. चोपडा-शिरपूरच्या पट्ट्यातली शाळा, मागे सातपुडा, पुढे केळीचे मळे. या जूनपासून आठवड्यातला एक तास मैदानावर न घेता वर्गात घेतो. कागदावर त्याचं नाव 'क्रीडावैद्यक व आरोग्य: ओळख'. पोरं म्हणतात 'लागलं-खुपलंचा तास'. त्यांचं नाव जास्त चांगलं आहे.

हा तास का सुरू केला ते सांगायचं टाळत होतो. आज सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी तालुक्याला खो-खोची मॅच होती. आमचा एक पोरगा खांबाजवळ वळताना पडला, घोटा टम्म सुजला. मी काय केलं? पाय धरला आणि खेचला. 'कट्' असा आवाज आला. भोवतीचे सगळे म्हणाले, बसला सांधा. मलाही तेच वाटलं. तेल चोळलं, क्रेप बँडेज आवळलं, वरून स्प्रे मारला आणि दुसऱ्या डावात पोराला परत उतरवलं. खेळलाही तो. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला तेव्हा कळलं, बाहेरच्या हाडाच्या खालच्या टोकाला, जिथून हाड वाढतं त्या कूर्चेलाच चीर गेली होती. त्या वयात सांधा बांधून ठेवणारे बंध कूर्चेपेक्षा चिवट असतात. म्हणून मोठ्या माणसाचा पाय जिथे नुसता मुरगळेल, तिथे पोराचं हाडच दगा देऊ शकतं. हे मला बी.पी.एड.ला कुणी शिकवलं असेल तर मी त्या दिवशी गैरहजर असणार. पोरगा पुढे नीट बरा झाला, आज केळीची गाडी चालवतो, दिसला की हॉर्न देतो. त्याचे वडील तेव्हा एवढंच म्हणाले होते, "सर, तुम्ही तरी काय करणार." भांडले असते तर बरं झालं असतं.

तर बुधवारचा घोटा. कॅनडातल्या ओटावा शहरात इयान स्टिल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली एक साधी पद्धत मांडली. सुजलेल्या प्रत्येक घोट्याचा एक्स-रे काढायचा का, हा त्यांचा प्रश्न. उत्तर बोटाने आणि चालून मिळतं. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, आणि त्यांची टोकं दाबायची. हाडावर दुखलं तर एक्स-रे. चार पावलं टाकता आली नाहीत तरी एक्स-रे. लंगडत टाकली तरी चालतात, पण चार पडली पाहिजेत. पावलाच्याही दोन जागा त्यात आहेत, त्या पुढच्या बुधवारी घेणार आहे. वाढत्या वयाच्या पोरांसाठी माझी एक ओळ जोडली आहे: शंका आली तरी फोटो काढायचाच. आणि त्याआधी पाय खेचायचा नाही, चोळायचा नाही.

पोरांनी पट्ट्या काढल्या, 6 सेंटिमीटर मोजले, खडूने पायावर खुणा केल्या. वर्गात अशी शांतता मी परीक्षेलाही पाहिली नव्हती. मग सगळ्यांचे पांढऱ्या खुणांचे पाय, आणि शिपाईदादा दारात येऊन बघतायत की हे काय चाललंय.

हाडांची नावं पाठ करून घ्यायला मला आवडत नाही. पहिले दोन महिने तेच केलं होतं, पोरं झोपली. या विषयात शिकवायची खरी गोष्ट आहे बोलणं. आमच्या पोरांना काही झालं की पहिलं वाक्य ठरलेलं: "काहीच नही व्हयनं सर." डोळ्यांत पाणी, ओठ चावलेला, आणि म्हणे काही नही व्हयनं! हे त्यांनी आमच्याकडूनच उचललंय. 'पोरीसारखा रडतो काय', 'ऊठ, माती लाव' हे मी स्वतः शिट्टी तोंडात असताना ओरडलोय. म्हणून आता तासाची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: कुठे दुखतं, बोट ठेवून दाखव, कधीपासून, काय केल्यावर वाढतं. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दुखतो म्हणून एकदम चार कबड्डीवाले उभे राहिले. कुणीही घरी सांगितलेलं नव्हतं. वाढीच्या वयात उड्या आणि धावण्याने तिथली कूर्चा ओढली जाते, खेळ कमी केला की बहुतेकांचं शमतं. एवढं ऐकूनच चौघांचे चेहरे सैल झाले. एक तर म्हणाला, मला वाटलं गाठ आहे.

पोरींचं 'काही नाही' आणखी खोल असतं. आठशे मीटरला दुसऱ्या फेरीत थांबणाऱ्या पोरीला मी वर्षानुवर्षं आळशी म्हटलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे माझ्या रांगेतली अर्ध्याहून जास्त पोरगी कमी हवेच्या टायरवर पळत होती. शाळेत लोहाची निळी गोळी आठवड्याला एक मिळते. ती पोटात जाते की खिडकीबाहेरच्या कडुनिंबाखाली, हे त्या झाडालाच विचारा. आता गोळी जेवणानंतर माझ्यासमोर घेतात आणि पुढचा तासभर चहा नाही, कारण चहा लोह शोषू देत नाही. ताटात लिंबू असेल तर उत्तम. कळण्याच्या भाकरीबरोबर लिंबू, यात आमच्याकडे काही जगावेगळं नाही.

पाड्यावरून येणाऱ्या पोरांबद्दल मात्र हळू आवाजात बोलावं लागतं. आपल्याकडच्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार. नुसता वाहक असलेला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेला पोरगा सहसा ठणठणीत असतो, खेळू शकतो, खेळलाच पाहिजे. पण उन्हात, पाणी कमी, मध्ये विश्रांती न देता एकामागून एक दौडी काढल्या तर तो कोसळू शकतो. गोळा आलेल्या पोराची पोटरी दगडासारखी लागते. असा कोसळलेल्या वाहक पोराची मऊ असते, तरी पाय उचलत नाही. अमेरिकेत राइस विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू 2006 साली असाच गेला, आणि 2010 पासून तिथल्या मोठ्या कॉलेज संघांत खेळाडूंच्या या तपासणीचा नियम आला. आपल्याकडे 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालू आहे, रक्त तपासून मिळतं. कामचोर म्हणण्याआधी मास्तरने एवढं विचारावं, बस.

उन्हाचं मी खान्देशातल्या माणसाला काय सांगणार! मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. खिशात कांदा ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, राहू द्या कांदा. पण पोरगा बरळायला लागला, अंग भाजतंय, तर आधी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन लावा. गाडीची वाट बघत कोरडं ठेवू नका. आणि शुद्ध नसेल तर तोंडात थेंबभरही पाणी नको. ही शेवटची गोष्ट घरी सांगून तीन पोरांनी आजीची बोलणी खाल्ली.

स्टाफरूममध्ये दोन आक्षेप आहेत. एक, हे परीक्षेला आहे का? 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा विषय आहे, श्रेणी आहे, तास मात्र जानेवारीपासून गणिताला जातो आणि श्रेणी सगळ्यांना 'अ' मिळते. याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा. दुसरा, अर्धवट शिकून पोरं डॉक्टरकी करतील. अहो, माझ्या वहीतल्या निम्म्याहून जास्त ओळी 'करू नये' ने संपतात. अर्धवट डॉक्टरकी तर मी केली होती, काहीच न शिकता.

आणि डॉक्टरही बदलतातच की. बर्फ लावा, आराम करा, बांधा, पाय उंच ठेवा, हे सूत्र 1978 साली गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी रूढ केलं. आमच्या क्रीडा खोलीत त्याचा तक्ता आहे. 2014 साली त्यांनीच लिहिलं की बर्फाने दुखणं कमी होतं, पण भरून यायला उलट उशीर होऊ शकतो. वर्गात हे सांगितल्यावर पोरं हबकली. "मग तक्ता काढायचा का सर?" काढला नाही. खाली खडूने लिहिलं: दुखणं शमवायला थोडा वेळ, कपड्यात गुंडाळून.

पण प्रात्यक्षिकाला बर्फ कुठून आणायचा? शाळेत फ्रीज नाही. गेटसमोरच्या टपरीवरून दोन रुपयांच्या पेप्सीच्या कांड्या आणल्या, वीस. रुमालात गुंडाळून घोट्यावर बरोबर बसतात, मऊ पडत जातात तशा वळतातही. दहा मिनिटं घड्याळ लावून धरल्या, मग फोडून खाल्ल्या. काला खट्टावरून मारामारी झाली, तीही सोडवली.

चाळीस रुपयांचं बिल मुख्याध्यापकांकडे दिलंय. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "सर, शैक्षणिक साहित्य, पेप्सी, वीस नग?" हो म्हणालो. फाइल अजून टेबलावर आहे.