सोळा कोअर सगळ्यांनाच कशाला?
‘गेमिंग आणि एडिटिंग दोन्ही करायचं तर डोळे झाकून १६ कोअर घ्या’ हा प्रोसेसर निवडण्यावरच्या लेखातला सल्ला काही पटला नाही. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग.) गेमला कोअरपेक्षा कॅशेची, म्हणजे प्रोसेसरमधल्याच झटपट मेमरीची भूक जास्त. एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर ८ कोअरचाच, पण ९६ एमबी एल३ कॅशेच्या जोरावर बहुतेक गेममध्ये १६ कोअरच्या रायझन ९ ७९५०एक्सला मागे टाकतो. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर (प्रोसेसरवर) रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार करायला लावलं की मात्र पारडं १६ कोअरकडे फिरतं. (रेंडर ग्राफिक्स कार्डवरच टाकत असाल तर तोही मुद्दा गेला.)

व्हिडिओ एडिटिंगमध्ये मी वेगळ्याच ठिकाणी फसलो. चार पैसे वाचतात म्हणून प्रोसेसरच्या आतलं ग्राफिक्स नसलेलं मॉडेल घेतलं. कॅमेऱ्याचं ४:२:२ १०-बिट एचईव्हीसी (जास्त रंगमाहिती ठेवणारा, दाबून साठवलेला व्हिडिओ प्रकार) फुटेज टाइमलाइनवर टाकलं आणि प्लेबॅक अडखळायला लागला. माझ्या कार्डला तो प्रकार हार्डवेअरमध्ये डीकोड करता (उलगडता) येत नव्हता, सगळा भार कोअरवर. दोन रात्री नुसत्या प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती बनवत बसलो! इंटेलच्या ११व्या पिढीपासून डेस्कटॉपवर क्विक सिंक (प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधली व्हिडिओ सोय) हे काम करतं, फक्त नावाच्या शेवटी ‘एफ’ (म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेलं मॉडेल) नाही ना, एवढं बघून घ्या.

आणि ४के वर खेळणार असाल तर प्रोसेसरवर एवढा खल नकोच, तिथे आधी ग्राफिक्स कार्डच दमतं.