सरपंच, संडासाचं तेवढं मनावर घेऊ नका

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही निवडून आलात त्याअर्थी तुमच्या घरी संडास आहे आणि तुम्ही तो नियमित वापरता, हे सरकारदरबारी सिद्ध झालं आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात तशी अटच आहे. ग्रामसभेचा ठराव आणि पंचायतीचा दाखला जोडावा लागतो, नाहीतर सदस्यत्वावर पाणी. म्हणजे रोज सकाळी तुम्ही कुठे जाता, याची ग्वाही साऱ्या गावाने हात वर करून दिली आहे. आमदार-खासदारांकडे असला दाखला मागायची कुणाची टाप नाही.

(महिला राखीव जागेवरून आला असाल, तर हा लेख तुमच्याआधी तुमच्या यजमानांनी वाचला असेल. वाचू द्या. संडास अंगणात कुठे बांधायचा हे तेच ठरवणार आहेत. पाणी तुम्ही भरायचंय.)

आता उरलं गाव. गाव हागणदारीमुक्त करणं म्हणजे माणसं संडासात नेणं, अशी नव्या सरपंचांची समजूत असते. ती आधी काढून टाका. त्या नादी लागलात तर पाच वर्षं पुरायची नाहीत. माणसं मोजायची नसतात, संडास मोजायचे असतात. संडास जागचा हलत नाही, उलट बोलत नाही आणि सांगाल तेव्हा फोटोला उभा राहतो.

मोजायचे तेही यादीतलेच. 2012 साली कुणाकडे संडास आहे, कुणाकडे नाही, याचं पायाभूत सर्वेक्षण झालं. त्यात ज्याचं नाव, त्याचाच प्रश्न. त्यानंतर लग्न होऊन वेगळी चूल मांडलेला धाकटा सरकारच्या लेखी अजून थोरल्याच्याच घरात जेवतो, त्यामुळे जातोही तिथेच. सुटलेल्या घरांच्या याद्या मागाहून झाल्या म्हणा, पण यादीमागून यादी लागली की तुम्ही घाबरायचं कारण नाही. यादी हे गावचं सर्वांत निर्मळ ठिकाण आहे.

तुमचं गाव बीडकडचं असेल तर काम आणखी हलकं. दिवाळीच्या आसपास निम्मं गाव कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या फडावर जातं आणि थेट मार्च-एप्रिलमध्ये परततं. त्यांचे संडास इथे, माणसं तिथे. तिथे राहायच्या झोपडीपाशी, म्हणजे कोपीपाशी, संडास नाही, पण ती कोपी कुठल्याच गावच्या यादीत नाही. इकडच्या संडासाला कुणी वापरणारं नाही, त्यामुळे तो सहा महिने चकचकीत राहतो. तपासणी त्याच दिवसांत ठेवून घ्या.

कुणी आकडे घेऊन अंगावर आलं तर डगमगू नका. आपल्या राज्याचा ग्रामीण भाग एप्रिल 2018 मध्येच हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षी जुलै ते डिसेंबरमध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीवाले देशभर घरोघर फिरले आणि ग्रामीण भागातल्या 28.7 टक्के घरांना संडासच उपलब्ध नाही, असं लिहून आले. आता यात चूक कुणाची? लोकांची. अनुदान मिळेल या आशेने लोक असलेला संडास नाही म्हणतात, असा खुलासा तयारच होता, तो पाठ करून ठेवा. पुढे 2 ऑक्टोबर 2019 ला साबरमतीकाठी अख्ख्या ग्रामीण देशाचंच हागणदारीमुक्तीचं उरकलं. त्यानंतर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने 19 टक्के घरं कुठलाच संडास वापरत नाहीत, असं म्हटलं. तेव्हा त्या 19 टक्क्यांना कुणीतरी जाहीरनामा वाचून दाखवायला हवा होता, एवढंच म्हणता येईल.

जुन्या संडासांची चिंताही करू नका. 1986 पासून योजना येताहेत. 1999 ला संपूर्ण स्वच्छता, 2012 ला निर्मल भारत, 2014 ला स्वच्छ भारत. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2015 च्या अहवालात आधीच्या योजनांमधले 30 टक्क्यांहून जास्त घरगुती संडास निकामी असल्याचं नोंदवलं. निकामी संडास ही गावची ठेव आहे. पुढली योजना आली की तिथेच नवा बांधता येतो, जागा शोधावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष बांधकाम. अनुदान बारा हजार, आणि तेही बांधून झाल्यावर. ज्याच्याकडे संडास बांधायला पैसे नाहीत त्याने आधी पैसे घालून संडास बांधायचा, मग पैसे. गरीब माणूस सावकाराकडे जातो. त्याला जाऊ द्या, किंवा ठेकेदाराला एकदम पन्नास घरांचं काम द्या. त्याचे संडास ओळखू येतात. सगळ्यांची दारं एकाच निळ्या पत्र्याची, आणि वाऱ्याने सगळी एकाच दिशेला वाकलेली. फोटोत लाभार्थी दारात उभा हवा, चेहरा आणि संडास दोन्ही दिसायला हवेत, शिवाय जिओटॅग. जिथे आपण कधी कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून माणसाने भिंती घातल्या, त्याच जागेसमोर अक्षांश-रेखांशासह उभं राहून फोटो काढायचा. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावतात. त्यांना पदर काढायला सांगा, नाहीतर पोर्टल फोटो घेत नाही.

भांडं शहरी बसवून घ्या. खेड्यासाठी तीव्र उताराचं भांडं निघालंय, त्याला दीड-दोन लिटर पाण्यात भागतं. पण ते दिसायला उभट असतं, तालुक्याच्या दुकानात पटकन मिळत नाही आणि गवंड्यालाही आवडत नाही. सपाट भांड्याला अख्खी बादली लागते. बाहेर जायला एक टमरेल पुरायचं, आता माणशी बादली. ही बादली डोक्यावरून कोण आणणार, हे अंदाजपत्रकात कुठेच विचारलेलं नाही, तुम्हीही विचारू नका. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्याच गाडीला पाच लाख लिटर. प्यायला. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात संडासांची उद्दिष्टं रद्द झाली असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही खरंच नवे आहात.

खड्ड्याकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण खरं गाव तिथे आहे. सरकारी नकाशात दोन खड्डे असतात. साधारण एक मीटर रुंद, त्याहून जरा खोल, विटांत जाळी सोडलेली, तळ मोकळा. मध्ये इंग्रजी वायच्या आकाराचं छोटं चेंबर. एक खड्डा चालू, एक बंद. पाच माणसांच्या घराला पहिला भरायला पाचेक वर्षं लागतात. भरला की चेंबरमधलं तोंड बदलायचं आणि दुसरा सुरू करायचा. पहिल्यातलं पाणी जमिनीत मुरतं, उरल्यासुरल्याचं दीड-दोन वर्षांत कोरडं, बिनवासाचं खत होतं. फावड्याने काढा, शेतात टाका. गटार नको, गाडी नको, वीज नको. बीजिंगला नोव्हेंबर 2018 मध्ये बिल गेट्स यांनी काचेच्या बरणीत मैला घेऊन मंचावर भाषण केलं आणि बिनगटाराच्या यंत्र-संडासांची ओळख जगाला करून दिली. त्यांना आपल्या दोन खड्ड्यांचं कुणी सांगितलं असेलच. पण बरणीशिवाय फोटो कुठला?

दोन खड्ड्यांचा संडास विज्ञानाला पटतो, गवंड्याला समजतो आणि गावात चालत नाही. खत कसं होतं, हा प्रश्न गावाला कधी पडलाच नव्हता. फावडं कोण धरणार, हा पडला. त्याचं उत्तर गावाला पिढ्यान्पिढ्या पाठ आहे. पंचाईत एवढीच, की त्या उत्तरात ज्यांचं नाव येतं त्यांनी बाबासाहेबांचं ऐकलं आणि असल्या कामाला नकार दिला. आता स्वतःच्या खड्ड्यातलं, दोन वर्षांपूर्वीचं, माती झालेलं खत स्वतः उपसायचं म्हणजे केवढा बाट! तेव्हा ज्याला परवडतं तो खोलीएवढी टाकी बांधतो. बारा हजार तिच्या तळालाही पुरत नाहीत. ‘तुमच्या हयातीत भरायची नाही मालक,’ असं गवंडी सांगतो आणि मालक सुखावतो. मग ती खरंच भरू नये म्हणून घरचे पुरुष बाहेर जातात. संडास पाहुण्यांना, आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि रात्रीबेरात्रीला. ज्याला परवडत नाही त्याचा एकच खड्डा, किंवा दोन खड्डे पण चेंबरची दोन्ही तोंडं उघडी, म्हणजे दोघेही जोडीने भरतात. हे दुरुस्त करायला अर्धा तास लागतो. करू नका, दुरुस्तीचा फोटो पोर्टलवर कुठे टाकायचा ते कुणालाच माहीत नाही.

फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातल्या वरंगळकडच्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर आणि निरनिराळ्या राज्यांतले अधिकारी स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत उपसून दाखवलं. लोकांच्या मनातला बाट जावा म्हणून. देशभर फोटो झळकले आणि गावोगावच्या लोकांनी त्यातून योग्य तो बोध घेतला, की हे काम करायला आयएएस व्हावं लागतं.

आपल्याकडे ही खोड जुनीच. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितलं. उच्चवर्णीयाला ते काम देता येत नाही, म्हणून सरकारने नाकारलं, तर त्यांनी उपास आरंभला, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब मैल्याचं सोनखत करणारे संडास बांधत बसले. अशा माणसाचं रस्त्याला नाव द्यावं आणि त्या रस्त्याने जाऊ नये. गाडगेबाबांच्या बाबतीत आपण हे फार उत्तम जमवलं आहे. ते गावात आले की आधी झाडू मारायचे आणि मग कीर्तन. आपण त्यांच्या नावाने स्पर्धा काढली, बक्षीस ठेवलं, आणि समिती यायच्या आदल्या रात्री झाडतो.

टाकी एक दिवस भरतेच. गाडी मागवा. गाडीवाला पाइप लावून उपसतो आणि कुठेतरी नेऊन सोडतो. कुठे ते विचारायचं नसतं. ओढा खालच्या गावाचा असतो. गाडी गल्लीत शिरत नसेल तर मात्र जपून. माणसाला हाताने मैला उचलायला लावण्यावर 1993 पासून कायद्याची बंदी आहे, संरक्षणसाधनांशिवाय टाकीत उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने आली. माणूस आत दगावला तर 2014 च्या निकालाने दहा लाख द्यायचे होते, ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तीस लाख केले. बघा, महागाई. म्हणून अशा वेळी तो कामाला आलाच नव्हता, सहज बघायला वाकला आणि पाय घसरला, असा पंचनामा होईल हे पाहा. त्याला बोलावणं कुणी धाडलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं, पण पंचांना माहीत नसतं.

इतकं करूनही लोक बाहेर दिसले तर गुड मॉर्निंग पथक काढा. जिल्हा परिषदेच्या मास्तरांना जुंपा, त्यांना तसंही शिकवायला वेळ नसतो. पहाटे पाचला शिट्ट्या, बॅटऱ्या, पकडलेल्याच्या गळ्यात हार, दंडाची पावती. पथकातल्या सर्वांनी निघण्यापूर्वी घरून जाऊन यावं, ऐन वेळी शोभत नाही. पथकाचा परिणाम आठवड्याभरात दिसतो. पाचला जाणाऱ्या बाया साडेतीनला जायला लागतात. पुरुषांचं विशेष बिघडत नाही, ते नऊला शेतावर जातातच. शिट्टी घेतलेले पुरुष अंधारात बायकांच्या वाटेवर उभे राहतात, याला अभियानाच्या भाषेत वर्तनबदल म्हणतात.

शहरातल्या वाचकांनी हसू नये. तुमच्याकडे पुरुषाला मुतारी फुकट आणि बाईला पैसे, म्हणून मुंबईत बायकांना 2011 पासून ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीच्या हक्काची चळवळ चालवावी लागली. वस्तीतल्या सार्वजनिक संडासात पस्तीस पुरुषांमागे एक आणि पंचवीस बायकांमागे एक भांडं असावं, असा स्वच्छ भारतचाच निकष आहे. सकाळी रांगेत उभं राहून मोजायला वेळ भरपूर मिळतो.

शेवटी तपासणी समिती. ती जीपने येते, दहा घरं बघते, चहा घेते. घरं तुम्ही आधी ठरवून ठेवा. बादलीत पाणी, कोपऱ्यात साबण, आणि घरातल्या पोराला ‘कुठे जातोस रे?’ या प्रश्नाचं उत्तर शिकवून ठेवा. पोरं भलतंच बोलतात. समितीत बाई असतील तर त्यांची चिंता नको. त्या सकाळपासून पाणी न पिता निघालेल्या असतात, फिरतीच्या नोकरीत ती सवय लागते. साहेबांचं मात्र सांगता येत नाही, आणि तुम्ही चहा दोनदा पाजलेला असतो. साहेबांना घाई झालीच, तर नुकतेच दाखवलेले दहा संडास सुचवू नका. जीप तालुक्याच्या रस्त्याला काढा. फाट्यावर पेट्रोल पंप आहे, त्याच्या मागे उजव्या हाताला एक आहे. कुलूप असतं. चावी मॅनेजरच्या टेबलात असते, आणि मॅनेजर बहुतेक जेवायला गेलेला असतो.