विकला गेला म्हणायची घाई

गाण्याचे शौकीन चार जण एकत्र जमले की अर्ध्या तासात कुणाचा तरी उद्धार सुरू होतो. अमका पूर्वी काय गायचा, आता नुसता पैशाच्या मागे लागलाय. तमकीचा पहिला अल्बम ऐकलायस का? त्यानंतर सगळा बाजार. गंमत म्हणजे या खटल्यातला आरोपी नेहमी लोकप्रियच असतो. ज्याचं गाणं चाललंच नाही, त्याने चालावं म्हणून काय काय केलं होतं याची चौकशी कुणी करत नाही. फसलेल्या तडजोडी मोजायला बसलो तर मला वाटतं यशस्वी तडजोडींपेक्षा कितीतरी जास्त निघतील.

पैशासाठी कलेशी प्रतारणा होते का? होते, अगदी सर्रास होते. पण आपण ज्या प्रसंगी बोट दाखवतो, ते बहुतेक वेळा चुकीचे प्रसंग असतात. कलावंत बदलला की आपण बोंब ठोकतो. मला संशय येतो तो बदलायचा थांबला की.

नील यंगचं प्रकरण बघा. गिटार आणि हार्मोनिका घेऊन गाणारा माणूस. १९८२ साली त्याने ‘ट्रान्स’ नावाचा अल्बम काढला, त्यात सिंथेसायझर आणि व्होकोडरमधून गाळून काढलेला यंत्रासारखा आवाज. काही ठिकाणी शब्दसुद्धा धड कळत नाहीत. चाहते चक्रावले. त्याची रेकॉर्ड कंपनी गेफेन म्हणाली, बाबा रे, रॉक अँड रोल दे. त्याने दिलं! पुढच्याच वर्षी थेट १९५०च्या दशकातल्या धाटणीचं रॉक अँड रोल दिलं, तेही जेमतेम पंचवीस मिनिटांचं. मग गेफेन रेकॉर्ड्सने त्याच्यावर ३३ लाख डॉलरचा दावा ठोकला. तक्रार काय, तर हे अल्बम विकाऊ नाहीत आणि त्याच्या आधीच्या संगीतासारखेही नाहीत. थोडक्यात, नील यंग नील यंगसारखा वाजत नाही म्हणून नील यंगवर खटला. पुढे ते प्रकरण मिटलं. त्या यंत्राच्या आवाजाचं कारण त्याने नंतर सांगितलं. त्याच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी होती, बोलता येत नव्हतं. त्या मुलाशी बोलू बघण्याची धडपड त्या न कळणाऱ्या शब्दांमध्ये होती.

कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे. पण कंपनीने कोर्टात जे लिहून दिलं तेच आपण श्रोते म्हणून बोलत असतो. आधीसारखं दे. साध्या गिटारवर लोकगीतं गाणाऱ्या बॉब डिलनने १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घातली तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उठली, आणि पुढच्या वर्षी मँचेस्टरमध्ये कुणीतरी त्याला भर सभागृहात ‘जूडास’ म्हणून हाक मारली. येशूला चांदीच्या नाण्यांसाठी विकणारा तो जूडास. आज त्याच काळातलं संगीत डिलनच्या सर्वोत्तम कामात धरलं जातं.

पैसा आणि प्रामाणिकपणा यांचं हाडवैर असतं ही समजूत कुठून आली कोण जाणे. मोझार्टने १७८१ मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडली आणि तो व्हिएन्नातच राहिला. आता शिकवण्या आणि वर्गणीच्या मैफली यांवर पोट. तिकिटं खपायलाच हवीत. डिसेंबर १७८२ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो आपल्या नव्या पियानो कन्चेर्तोंबद्दल, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनांबद्दल, म्हणतो की फार सोपं आणि फार अवघड यांच्या बरोब्बर मधलं काहीतरी साधलंय. काही जागा फक्त जाणकारांना कळतील, पण बाकीच्यांनाही त्या आवडतील, का आवडल्या हे न कळता. हे गिऱ्हाईक समोर ठेवून केलेलं काम आहे, उघडउघड. ज्याला कमअस्सल म्हणायचंय त्याने खुशाल म्हणावं.

आपल्याकडे १९०२ साली गायिका गोहरजानने ग्रामोफोनच्या भोंग्यात गायलं तेव्हा एका बाजूला साधारण तीन मिनिटं मिळत होती. रात्र रात्र चालणारी गायकी तीन मिनिटांत कोंबायची, हा निव्वळ व्यापाराचा हुकूम. कित्येक बुजुर्गांनी त्याला नकार दिला आणि त्यांचा अधिकार मला मान्य आहे. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आज आपल्या कानावर पडते ती त्या तीन मिनिटांमुळेच. तबकडीने जागा आखून दिली, आत काय भरायचं ते खाँसाहेबांनी ठरवलं. मला एवढाच फरक महत्त्वाचा वाटतो.

बडे गुलाम अली खाँसाहेबांचा किस्सा बहुतेकांना माहीत असेल. ‘मुघल-ए-आझम’साठी गायला ते तयार नव्हते. टाळायचं म्हणून त्यांनी एका गाण्याचे २५,००० रुपये सांगितले. त्या काळी आघाडीच्या पार्श्वगायकांनाही याच्या आसपास फिरकता येत नव्हतं. दिग्दर्शक के. आसिफ जागच्या जागी हो म्हणाले, असं सांगतात. आता पडद्यावर ऐका. सोहनीतल्या त्या बंदिशीत सिनेमासाठी काही पातळ केलंय असं वाटतं का? आवाज तोच, लगाव तोच. पैसे भरपूर घेतले आणि गायले स्वतःसारखे. यात विकलं काय गेलं, मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

खरी गुंतागुंत जिथे आहे तिथे आपण फारसे जात नाही. ‘निर्वाणा’ या अमेरिकन रॉक बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१ मध्ये आला आणि जगभर खपला. मुख्य प्रवाहाबाहेरच्या छोट्या वर्तुळातून वर आलेल्या या पोरांना त्या खपाचीच लाज वाटायला लागली. तो अल्बम जरा जास्तच गुळगुळीत झालाय, असं ती म्हणायची. म्हणून पुढच्या अल्बमसाठी त्यांनी मुद्दाम रेकॉर्डिंग इंजिनियर स्टीव्ह अल्बिनीला गाठलं. हा माणूस मोठ्या कंपन्यांच्या करारांवर जाहीर तोंडसुख घेणारा, कच्चा, खरखरीत आवाज टिपणारा. कामाआधी त्याने बँडला जे पत्र लिहिलं त्यात रॉयल्टी साफ नाकारली. मला प्लंबरसारखे पैसे द्या, म्हणाला. काम करतो, त्याचं जे काय होईल ते द्या. रेकॉर्ड विकली जाईल तसतसा वाटा घेत राहणं त्याला अनैतिक वाटत होतं. लाखो प्रती खपणार हे दिसत असताना हे लिहायचं, म्हणजे खरंच कमाल आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला ती यापुढेच आवडते. कंपनीला ते रेकॉर्डिंग रुचलं नाही, आणि बँडच्या मनातही किंतु आला. शेवटी १९९३ मध्ये ‘इन यूटेरो’ आला तेव्हा त्यातल्या दोन गाण्यांचं मिक्सिंग स्कॉट लिट या निर्मात्याकडून नव्याने करून घेतलं होतं. आणि ही दोन गाणी म्हणजे नेमकी रेडिओवर जाणारी. आता सांगा, हे विकले गेले की नाही? गायकाचा आवाज थोडा पुढे आणला, कडा जराशा घासल्या. मी दोन्ही मिक्स ऐकले आहेत. प्रामाणिकपणे सांगायचं तर नवं मिक्स मला जास्त आवडतं, आणि आवडतं म्हणून अस्वस्थही व्हायला होतं. कारण कंपनीचं म्हणणं बरोबर असू शकतं, ही शक्यता आपल्या निष्ठावंत रसिकांच्या गोष्टीत कुठेच बसत नाही.

नकार द्यायची धमक कुणात होती हे बघायचं तर पंडित रविशंकर बघा. १९६७ मॉन्टेरी, १९६९ वुडस्टॉक, अमेरिकेतल्या बड्या रॉक महोत्सवांत सतार वाजली. इकडे मायदेशी टीका की सतार हिप्पींच्या पायाशी नेऊन ठेवली. ऑगस्ट १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशाच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. तिथे अली अकबर खाँ सरोदवर, अल्लारखाँ तबल्यावर. वाद्यं लावून झाली आणि प्रेक्षकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले, वाद्यं लावणंच तुम्हाला एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. जो प्रेक्षक वाद्यं लावण्यालाही दाद देतो त्याला काहीही खपवता आलं असतं. शिवाय प्रसिद्धीच्या ऐन भरात त्यांनी रॉक महोत्सवांकडे पाठ फिरवली, कारण नशेच्या धुरात संगीत ऐकणं त्यांना सहन होत नव्हतं. चालत्या गाडीतून असं उतरायला फार कमी लोक तयार होतात.

अमेरिकन गायक टॉम वेट्सही त्याच जातीचा. जाहिरातीत गाणार नाही म्हणजे नाही. १९८८ मध्ये एका चिप्स कंपनीने त्याच्या खरबरीत आवाजाची नक्कल करणारा गायक आणून रेडिओची जाहिरात केली, तर हा गडी कोर्टात गेला आणि २० लाखांहून जास्त डॉलर वसूल करून आला. न गाण्याचे पैसे मिळवणारा दुसरा गायक माझ्या माहितीत नाही.

अर्थात वेट्सला नाही म्हणणं परवडत होतं, तसं सगळ्यांना परवडत नाही. त्यामुळे आजच्या होतकरू पोरापोरींना कुणी तत्त्वाचे धडे द्यायला लागलं की माझं डोकं फिरतं. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते मोजलं जातं. २०२४ पासून तर वर्षभरात हजार वेळासुद्धा न वाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला रॉयल्टीच नाही. म्हणजे सुरुवातीची सुरावट छाटा, ध्रुवपद पुढे आणा, तिसाव्या सेकंदाच्या आत ऐकणाऱ्याला धरून ठेवा. पूर्वी तबकडीचा आकार ठरवत होता, आता हा हिशेब ठरवतो. फरक एवढाच की तबकडीवर गाणाऱ्याला बहुतेक वेळा आधी ठरलेली बिदागी तरी मिळायची.

घरभाडं थकलेल्या एखाद्या मुलीने पहिल्या दहा सेकंदांत ध्रुवपद आणलं, चिप्सच्या जाहिरातीला जिंगल गायली, तर मी तिला एका शब्दाने बोलणार नाही. ज्याच्या सात पिढ्यांची सोय झालीये, ज्याला कुठलीच कंपनी नाही म्हणू शकत नाही, आणि तरी जो वीस वर्षं तोच ठेका, तोच हुंकार, तेच स्वतःचं जुनं गाणं नवं म्हणून काढतो, त्याला मात्र नावं ठेवीन. आणि त्याच्या कार्यक्रमात ‘ते जुनंच म्हणा’ म्हणून ओरडणाऱ्यांनाही.